लाकडाला वारं लागू द्या

थंडी पडली की माझी नजर वर जाती. खाली बघून चालायचं वळण होतं मला, पण आता कुणाच्या बी घरात पाय टाकला की मी पहिलं आढ्याकडं बघते, मंग माणसाकडं. लग्नाला गेले तरी नवरी न्हाई बघत, मांडवामागचं घर बघते, त्याला वर झरोका हाय का, पत्रा भिंतीवर टेकलाय तिथं वळचणीला फट ठिवलीय का बुजवलीय. चिमीला खोकला झाला म्हणून परभणीला दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर तिच्या छातीला नळी लावून ऐकायले अन् मी छताच्या कोपऱ्यातला काळा डाग बघायले. डॉक्टर म्हणले, "बाई, लेकराकडं बघा की." लेकराकडंच बघते हो, म्हणून तर वर बघते.

परवा देवगाव फाट्याला ऑटोची वाट बघत चहाच्या टपरीत उभी होते, तर मानेवर टपकन थेंब पडला, बर्फासारखा गार. आभाळात ढगाचा ठिपका न्हाई. चहावाला म्हणला, "ताई, इकडं सरका, पत्रा गळायलाय." मी म्हणलं, "गळत न्हाई दादा, ही तुमच्याच चहाची वाफ हाय. वर गेली, गार पत्र्याला लागली, पाणी होऊन खाली आली." तो हसला. "म्हणजे रोज दोन कप चहा पत्राच पितो म्हणा की माझा." सगळे हसले. मला हसू आलं न्हाई. मी त्या टपरीचं लाकूड चाचपून बघितलं, बोटाला काळं लागलं.

सध्या तुरीच्या शेंगा भरल्यात, कापसाची दुसरी वेचणी चालूय, सकाळी धुई अशी पडती की समोरचा लिंब दिसत न्हाई. ह्याच दिवसांत चिमी झाली होती, चार वर्सं झाली. तो हिवाळा मला कधी आठवावा लागत न्हाई, तो आपोआपच येतो, नाकात. ओवा अन् बाळंतशेपाच्या धुरीचा वास, कढत पाण्याचा वास, अन् त्या दोन्हीच्या खाली आणखी एक वास होता, ओल्या पोत्याचा. तवा मला वाटायचं बाळंतिणीच्या खोलीचा वास असाच असतो.

माझी माय मी नववीत असतानाच वारली, शाळा तिथंच सुटली. म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी न्हाई, सासरीच झालं. आत्यानं, म्हणजे माझ्या सासूबाईनं, पोटच्या लेकीवानी केलं, खोटं कशाला बोलू. आमचं घर मामांनी, सासऱ्यांनी, बांधलेलं. विटाच्या भिंती, वर दोन्हीकडून उतरते पत्रे, अन् पत्र्याच्या खाली फळ्यांची तक्तपोशी. फळ्या अन् पत्रे ह्यांच्या मधी माणूस वाकून चालंल एवढा माळा. माळ्यावर कापूस, गवऱ्या, जुनी बाज, काय काय. फळ्यांच्या खालून भिंतीपासून भिंतीपर्यंत सागाची जाड नाट, सगळा बोजा तिच्यावर. तिकोनी भिंतीत उंच एक हातभर झरोका, त्याच्याखाली शिडी लावून वर चढायला फळ्यांत मोकळी जागा, अन् वळचणीला दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं फट. मी नवी नवरी होते तवा मला वाटायचं ही फट बुजवायचीच राहिली. घाईत काम केलं असंल.

बाळंतिणीला वारं लागू द्यायचं न्हाई. हे काय सांगायला लागतं का कुणाला? कानाला फडकं, पायात मोजे, बाजेखाली शेगडी. दिवस भरत आले तसं आत्यानं आमच्या ह्यांना शिडीवर चढवलं अन् झरोक्यात पोत्याचे बोळे कोंबून घेतले. वळचणीच्या फटीत बी चिंध्या. न्हाणी मागं अंगणात, तिथं थंडीत कसं जाणार, म्हणून खोलीतच कोपऱ्यात मोरी केली. रोज सकाळी दोन घंगाळं कढत पाणी माझ्या अंगावर, एक लेकराच्या. वाफ इतकी व्हायची की आत्याचं तोंड दिसायचं न्हाई, नुसता आवाज यायचा, "मान वर कर, पाठ दे." मग धुरी. मग लेकरू शेकायचं. मग मी शेपा चावत पडायची अन् वर फळ्यांच्या फटीतून वाफ जाताना बघायची. किती छान जाती म्हणायची, जशी कुणी वरून ओढायलंय.

कुठं जाती, हे मनात आलं न्हाई. शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात चित्र होतं, तळं, वर बाण, ढग, खाली बाण, पाऊस. मी ते चित्र परीक्षेत काढलं होतं, बाईंनी छान म्हणून लिहिलं होतं. पण ते पुस्तकातलं तळं. आपल्या डोक्यावर, आपल्याच माळ्यात, तसलंच चालूय, खालून वाफ जायली, बाहेर निघायला वाट न्हाई, थंडगार पत्र्याला लागून थेंब व्हायले, थेंब कापसावर, फळीवर, नाटेच्या टोकावर पडायले, हे कळायला मला नाट खाली यायची वाट बघावी लागली.

आता सांगते ते मी चार वर्सं कुणाला सांगितलं नव्हतं.

सव्वा महिना झाला, बाळंतपण उठलं, आत्या म्हणल्या, "पूजा, आता ते बोळे काढून टाक वरचे. घर कोंदट झालंय." मी व्हय म्हणलं. आत्या कापसाला गेल्या. मी शिडी लावली, चढले, एक बोळा उपसला, तर असा गार वाऱ्याचा झोत तोंडावर आला की माझं काळीजच हाललं. खाली झोळीत चिमी. एवढीशी, टाळू धडधडायलेली. शेजारच्या गल्लीत त्याच हिवाळ्यात एक लेकरू निमोनियानं गेलं होतं, त्याच्या आईचं रडणं अजून कानात होतं. मी बोळा परत कोंबला. वरून माझ्या जुन्या साडीचा पदर फाडून आणखी एक कोंबला, अंगठ्यानं दाबून दाबून. वळचणीच्या चिंध्या निघाल्या होत्या तिथं मातीचा लगदा भरला. आत्यानं विचारलं, "काढले का?" मी म्हणलं, "काढले." त्यांची मान आखडलेली असती, त्या वर बघत न्हाईत.

मग उन्हाळा आला तर म्हणलं, असू द्या, वावटळीची धूळ येती. पाऊस आला तर म्हणलं, असू द्या, शिंतोडे येतेत. दर वेळेला मला नवीन कारण सापडायचं अन् दर वेळेला ते लेकरासाठीच असायचं. उन्हाळ्यात त्या माळ्यावर हात घालवत नव्हता, भट्टीच. पत्र्याचे खिळे तापून तापून ढिले झाले, पत्रा वाजायला लागला, आमचे हे म्हणायचे माकडं नाचायलीत. मंग पुढच्या हिवाळ्यात कापूस खाली काढला तर तळचा थर पिवळा, चिकट, हातात गोळाच आला. आत्या म्हणल्या पत्रा गळतोय. ह्यांनी वर चढून प्रत्येक खिळ्याला डांबर लावलं. तरी ओल जाईना. मग वरून प्लास्टिकचा कागद टाकला, कडंनी विटा ठिवल्या. म्हणजे होती न्हव्हती ती फट बी गेली. आमी सगळे मिळून वरून पाणी यायचं बंद करायलो, अन् पाणी तर खालून जायलं.

चिमी दोन वर्सांची झाली तरी झोळीबिगर झोपत नव्हती. झोळीचा दोर नाटेला. दुपारची वेळ, मी चुलीपुढं भाकर थापायले, ती झोपलेली, मी पायाच्या अंगठ्यानं दोरी ओढत झोका द्यायले. कर्र असा आवाज झाला, लांबलचक, जसं कुणी जडशीळ दार हळू उघडायलंय. वर बघितलं तर नाट भिंतीपाशी तिरपी. माझ्या हातात पीठ, अन् नाट खाली यायली, धाडकन न्हाई, हळूच, हात-दीड हात आली अन् अडकली. वर पत्रा वाकला. झोळी जमिनीला टेकली. चिमी जागी बी झाली न्हाई. कुणी हातानं उचलून खाली ठिवावं तशी ती जमिनीवर निजलेली, अन् तिच्या केसावर लाकडाचा काळा भुसा.

मी तिला उचलून बाहेर कशी आले, मला आठवत न्हाई. आठवतं ते एवढंच की गल्लीतल्या बाया पाणी द्यायल्या अन् मी गिलास उलटा धरून बसले होते.

रज्जाकचाचाला बोलवलं. हे घर मामांबरोबर त्यांनीच बांधलेलं, गावातल्या निम्म्या घरांची छपरं त्यांच्या हातची. आत्या दारातच तुटून पडल्या. "रज्जाकभाई, ओलं लाकूड घातलं तुमी माझ्या घरात. माझ्या नातीच्या जिवावर बेतलं होतं." चाचा पहिलं नाटेखाली टेकू लावून बसले, मग माळ्यावर चढले. मी खाली शिडी धरून. वरून आवाज आला, "बेटी, जरा कंदील दे." दिला. मी अर्धी शिडी चढून वाकून बघितलं. पत्र्याच्या आतून थेंब लटकलेले, ओळीनं, खिळ्याखिळ्याला एक. वासे काळे, बुरशी पांढरी, कापसावानी. नाटेचं भिंतीतलं टोक चाचांनी बोटानं दाबलं तर बोट आत गेलं. ते झरोक्यापाशी सरकले अन् एक-एक बोळा काढायला लागले. पोतं. पोतं. मग माझ्या साडीचा पदर, बुट्ट्याचा, हिरव्या काठाचा. त्यांनी तो उजेडात धरला, घडी केली, माझ्या हातात दिली.

"ये तेराच है ना, बेटी?"

मी मान हालवली. मला वाटलं आता खाली जाऊन सांगतेत. ते म्हणले, "डर मत. ऐक. घर श्वास घेतं. खालच्या फटीतून वारा आत येतो, माळ्यावर फिरतो, ओल उचलतो अन् वरच्या झरोक्यातून बाहेर जातो. दोन्ही वाटा पाहिजेत. तुझे सासरे माझ्याशी भांडले होते, फट कामून ठिवली म्हणून. मी म्हणलं, तुमचा पत्रा अन् लाकूड नातू म्हातारा होईपर्यंत टिकवायचं हाय, तर ठिवा. उन्हाळ्याची गरमी बी तिथूनच निघती, न्हाई तर लाकूड तडकतं, खिळा ढिला होतो. बाळंतिणीला वारं लागू नये, बरोबर हाय. ते खाली. फळ्यांच्या भेगा बुजवा, खाली चादर बांधा, वाफेचं काम बाहेर करा. पण वर लाकडाला वारं लागायलाच पाहिजे."

खाली उतरून आत्याला काय म्हणले? "लाकूड हाय वहिनी. थकतं कधी कधी." बस्स. मी घडी पदराखाली धरून उभी. तवा म्हणलं, उद्या सांगीन. दोन वर्सं झाली.

अन् ह्या दोन वर्सांत आत्यानं जिथं बसल्या तिथं सांगितलं, रज्जाकला छपराचं काम देऊ नका, ओलं लाकूड घालतो, आमची नात वाचली म्हणून वाचली. वरच्या आळीत दोन घरं नवी झाली, मिस्त्री सेलूहून आणला. चाचा त्यांच्या दारात बाजेवर बसून असतेत. मी पाण्याला जाताना दुसऱ्या गल्लीनं जाते.

आता शीलाताई आलीय, माझी नणंद. येलदरीकडं दिलंय तिला, पहिलटकरीण हाय, आठवा संपत आलाय. तीच खोली. नवी नाट, झरोका उघडा, जाळी लावलेली. शीलाताईला सगळ्याची भीती वाटती. तिला बघून मला मीच आठवते. काल सकाळी धुई होती, ती शाल गुंडाळून बाजेवर बसलेली, म्हणली, "वैनी, वरून वारं यायलंय. बोळा कोंबा ना."

"येऊ दे. ते वरच्या वर जातं, ताई."

"तुमाला काय जातंय, लेकरू माझं हाय."

आत्या पोती झटकतच आल्या. "बरोबर हाय तिचं. ही घे पोती, चढ. तुझ्या वक्ताला बी कोंबले होते, काही झालं का? ठणठणीत हाय चिमी."

काही झालं का. मी शिडीवर चढले. खरंच चढले, हातात पोतं घेऊन, इतकी सवय हाय मला व्हय म्हणायची. झरोक्याची जाळी समोर, त्यातून धुईचा ओला वास. खालून शीलाताई पोटावर हात ठिवून वर बघायली. तिचं लेकरू ह्याच नाटेखाली झोपणार. अन् माझ्या पायाखाली शिडी वाजायला लागली, आत्या म्हणल्या, "पडशील की गं, काय झालं?"

मी तिथूनच बोलले, वरूनच, खाली उतरले असते तर पुन्हा गप बसले असते. म्हणलं, आत्या, मी बोळे काढलेच नव्हते. तुमी काढ म्हणल्यावर मी आणखी कोंबले. दोन वर्सं कोंबून ठिवले. माझ्या साडीचा पदर होता त्यात. चाचानं काढून माझ्या हातात दिला अन् तुमाला सांगितलं न्हाई. लाकूड ओलं नव्हतं, लाकूड आपण ओलं केलं. मी केलं. नाट माझ्यामुळं आली चिमीवर.

एका दमात बोलले, मधी श्वास बी घेतला न्हाई बहुतेक. शीलाताईनं तोंडावर शाल धरली. आत्या पोती हातात धरून उभ्या. मला वाटलं आता शिव्या देतेत, माझ्या मेलेल्या मायला सुद्धा काढतेत. त्या म्हणल्या, "मंग मी त्या माणसाला दोन वर्सं..." अन् बाजेच्या कडंला टेकल्या. पोतं मांडीवर घेऊन त्याचे धागे उपसायला लागल्या, एक-एक. लय वेळ.

मग उठल्या. "उतर खाली. चपला घाल."

"कुठं, आत्या?"

"चल म्हणलं ना."

गल्लीतून आमी दोघी गेलो, त्या पुढं, मी मागं. चिमी माझ्या कमरेला. धुई विरायली होती. रज्जाकचाचा बाजेवर, डोळ्याला मोतीबिंदू, चपलांच्या आवाजावरून ओळखलं त्यांनी आमाला. आत्या त्यांच्यापुढं उभ्या राहिल्या अन् पदर डोक्यावर ओढला. आमच्या आत्या कुणापुढं मान खाली घालत न्हाईत, आधीच आखडलेली. "रज्जाकभाई, माझं चुकलं. लाकडाचं. मी गावभर बोलले. आता गावभर जाऊन उलटं सांगते, पण पहिलं तुमाला."

मी म्हणलं, "त्यांचं न्हाई, चाचा, माझं."

चाचांनी काठी चाचपली. मला वाटलं रागावले. त्यांचा हक्कच होता. मग म्हणले, "दोन साल. दोन सालात माझ्या हातातलं काम गेलं, वहिनी. हातच कुणी मागंना." आत्या उभ्याच. चाचांनी डोळे पुसले, ते पाणी तसंबी येतंच म्हणा मोतीबिंदूचं. अन् विचारलं, "बाळंतीण कुठं निजवणार? बाज कोणत्या भिंतीला?"

ते आले. मी हात धरून आणलं, आत्या काठी घेऊन पुढं. गल्लीतल्या एक-दोघी दारात आल्या, आत्यानं मोठ्यानं सांगितलं, "मिस्त्रीला आणायले मी, माझ्या छपराला." चाचांनी खोलीत येऊन भिंती हातानं चाचपल्या, नव्या नाटेला दोन थापा मारल्या, आवाज ऐकला. मोरी उचलून न्हाणीत न्या म्हणले, आडोसा करा, वाफ आकाशात जाऊ द्या. तक्तपोशीच्या भेगा कापडाच्या पट्ट्यांनी बुजवा. बाजेवर चादरीचं छत बांधा. शीलाताई मधीच म्हणली, "अन् वरून गार आलं तर?" चाचा म्हणले, "बेटी, आजी नातवाला घेऊन बसणार, मावशी बसणार, मामी बसणार. गार यायला जागा कुठं हाय?" शीलाताई हसली, चार दिवसांत पहिल्यांदा.

मग मला म्हणले, "मी आता चढू शकत न्हाई. तू चढ. जाळीला हात लाव."

मी चढले. तळहात जाळीपाशी धरला. थंडीनं सुन्न झालेला हात, पहिलं काही कळंना. मला ते जुनंच वाटायलं, आता काही तरी तुटंल, काही तरी खाली येईल.

"वारा लागायलाय का?"

"लागायलाय, चाचा."

"आत यायलाय का बाहेर जायलाय?"

मी बोटं सरळ केली. हातावर खोलीची ऊब, धुराचा वास, थोडीशी ओल, सगळं हळूच माझ्या बोटांमधून सरकून बाहेर उन्हात जायलं.

"बाहेर," मी म्हणलं. "बाहेर जायलाय."

"मंग उतर."

आत्या बी म्हणल्या, "उतर गं आता." मी म्हणलं, थांबा जरा. आणखी थोडं जाऊ द्या.